विश्लेषण : भावाला स्किझोफ्रेनिया असेल तर बहिणीलाही होतो का? मेंदूचे स्कॅन काय सांगतात?

घरातल्या एका मुलाला स्किझोफ्रेनिया असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की घरात आणखी एक प्रश्न शिरतो. तो मोठ्याने कुणी विचारत नाही. 'धाकटीलाही होईल का?' धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावात हा प्रश्न दवाखान्यात कमी आणि लग्नाच्या बोलणीत जास्त निघतो. पाहुणे मुलीचे शिक्षण विचारतात, जमीन किती ते विचारतात आणि मग कुणीतरी सहज म्हटल्यासारखे म्हणते, 'थोरल्याचं कानावर आलं ते खरं का?' चहा होतो, पाहुणे उठतात आणि पुढे निरोप येत नाही.

याच प्रश्नाचा माग शास्त्रज्ञ गेली काही दशके एमआरआय यंत्रातून काढत आहेत. त्यासाठी ते रुग्णांबरोबरच त्यांच्या निरोगी भावंडांचेही मेंदू तपासतात. या संशोधनात डॉ. नितीन गोगटे हे नाव ठळक आहे. भावंडांच्या मेंदूत काय दिसले, त्याचा अर्थ काय आणि सोनारीतल्या घराला त्याचा उपयोग काय, याचा हा आढावा.

स्किझोफ्रेनिया म्हणजे नेमके काय?

मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज पसरला आहे. 'एका माणसात दोन माणसे' असा हा आजार नाही. यात माणसाची वास्तवाशी असलेली गाठ सैल होते. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवली आहे, जेवणात काही कालवले आहे, असे ठाम वाटू लागते आणि समजावून ते जात नाही. बोलण्यातली संगती तुटते. याच्या जोडीला काही लक्षणे अशी असतात की घरच्यांना ती आजाराची वाटतच नाहीत. मुलगा अंघोळ टाळतो, मित्रांना भेटत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, दिवसभर पडून राहतो. घरचे त्याला आळशी ठरवतात.

आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. मुलांमध्ये तो सहसा मुलींपेक्षा थोडा लवकर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे साधारण ३०० जणांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. आजार सुरू होण्याचे वय आणि बारावी, नोकरी, लग्न यांचे वय एकच. त्यामुळे 'अभ्यासाचा ताण', 'प्रेमभंग', 'करणी', 'बाहेरचे' अशी कारणे आधी पुढे येतात आणि डॉक्टरांचा नंबर शेवटी लागतो.

भावंडांना धोका किती?

धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. युरोपातील अनेक दशकांच्या कुटुंब-अभ्यासांचे आकडे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग गॉट्समन यांनी एकत्र केले होते. त्यानुसार सर्वसामान्य माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता सुमारे १ टक्का, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला सुमारे ९ टक्के आहे. रुग्णाच्या भाच्या-पुतण्यांसाठी हा आकडा सुमारे ४ टक्के आहे.

हाच हिशेब उलटा मांडला तर जास्त उपयोगी पडतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या शंभर रुग्णांच्या शंभर भावंडांपैकी नव्वदहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही. बहिणीच्या मुलांचा विचार केला तर शंभरातील ९६ जणांना होत नाही. पाहुणे ज्या भीतीने उठून जातात, त्या भीतीमागचा आकडा हा आहे.

जुळ्या भावंडांचे उदाहरण आणखी बोलके आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात. आजार फक्त जनुकांमुळे होत असता तर एकाला झाल्यावर दुसऱ्याला हमखास झाला असता. प्रत्यक्षात जुन्या अभ्यासांत सुमारे निम्म्या, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश प्रकरणांतच दुसऱ्यालाही आजार आढळला. रक्ताने जोखीम येते. पुढे काय होणार, हे एकट्या रक्ताने ठरत नाही.

स्कॅनमध्ये काय दिसते?

या आजाराचा मेंदूच्या रचनेशी संबंध आहे, याचा पहिला भक्कम पुरावा १९७६ मध्ये मिळाला. इंग्लंडमधील नॉर्थविक पार्क येथे एव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन काढून दाखवले की, दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या आहेत. तोवर अनेक जण या आजाराचे खापर आईच्या वागण्यावर फोडत होते. त्या विचाराला यामुळे हादरा बसला.

त्यानंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण वापरत नाहीत. तीव्र चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या कणांकडून येणारे संकेत टिपले जातात आणि संगणक त्यातून चित्र उभे करतो. किरणोत्सर्ग नसल्याने एकाच मुलाचे दर दोन वर्षांनी स्कॅन काढता येतात. पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया हाच.

मेंदूच्या बाहेरच्या बाजूला काही मिलिमीटर जाडीचा करड्या रंगाचा थर असतो. विचार, भाषा, नियोजन ही कामे मुख्यतः इथे चालतात. त्याच्या आत पांढरा भाग असतो. त्याला मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणारी वायरिंग म्हणता येईल. लहानपणी पेशींमधील जोडण्या गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि किशोरवयात मेंदू त्यातल्या नको त्या काढून टाकतो. बार्शी-परंडा भागातल्या द्राक्ष बागायतदाराला हे लगेच समजेल. वेल मोकाट वाढू दिला तर घड लागत नाही, छाटणी करावीच लागते. मात्र छाटणी किती आणि कधी, यावर सगळे अवलंबून असते.

स्किझोफ्रेनियात ही छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असा एक महत्त्वाचा विचार आहे. २००१ मध्ये पॉल थॉम्पसन, ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी लहान वयात आजार झालेल्या १२ मुलांचे स्कॅन पाच वर्षे पुन्हापुन्हा काढले. करडा थर आधी मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात झपाट्याने कमी झाला आणि मग ती घट कानामागच्या आणि कपाळामागच्या भागाकडे सरकत गेली. २०१६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 'सी-४' या जनुकाचा आणि अशा छाटणीचा संबंध दाखवला. त्यामुळे या विचाराला आणखी बळ मिळाले.

रुग्ण असताना भावंडांचा मेंदू का तपासायचा?

यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. रुग्णाच्या मेंदूत फरक दिसला तर तो कशामुळे, हे सांगणे अवघड असते. आजारामुळे? वर्षानुवर्षांच्या औषधांमुळे? तंबाखू-दारूमुळे? की आजारपणात घरात कोंडून राहिल्यामुळे? सगळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात.

निरोगी भावंडाकडे यातले काहीच नसते. ना आजार, ना औषध. पण आई-बाप तेच, घर तेच आणि सरासरी निम्मी जनुके सामायिक. त्यामुळे रुग्णात दिसलेला फरक भावंडातही दिसला, तर तो कुटुंबात चालत आलेल्या जोखमीचा भाग असण्याची शक्यता वाढते. रुग्णात दिसला आणि भावंडात नाही, तर तो आजाराशी किंवा उपचारांशी जोडलेला असू शकतो.

जुळ्यांवर ही पद्धत १९९० मध्ये वापरली गेली. ज्यांच्यातील एकालाच आजार होता, अशा एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्यांचे एमआरआय काढले गेले. स्मरणशक्तीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग १५ पैकी १४ जोड्यांत आजारी जुळ्यामध्ये लहान होता. जनुके तीच, तरी मेंदूत फरक. म्हणजे जनुकांपलीकडेही काहीतरी घडते, हे चित्रातच दिसले.

डॉ. गोगटे यांच्या अभ्यासात काय आढळले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत (एनआयएमएच) रॅपोपोर्ट यांच्या गटात डॉ. गोगटे काम करत होते. २००४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली झालेला एक अभ्यास जगभर गाजला. १३ निरोगी मुलांचे स्कॅन ८ ते १० वर्षे, दर दोन वर्षांनी काढून त्यांनी मेंदू कोणत्या क्रमाने परिपक्व होतो, याचा नकाशा तयार केला. हालचाल आणि संवेदना यांचे भाग आधी पिकतात. नियोजन, संयम, सारासार विचार यांचे कपाळामागचे भाग सर्वांत शेवटी.

याच पट्टीने त्यांनी रुग्णांच्या भावंडांकडे पाहिले. १३ वर्षांच्या आत स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांची ५२ निरोगी सख्खी भावंडे आणि तितकीच इतर निरोगी मुले व तरुण यांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान वयाच्या भावंडांमध्ये कपाळामागचा डावा भाग आणि कानांजवळचे दोन्हीकडचे भाग यांत करडा थर इतरांपेक्षा कमी होता. रुग्ण भावंडात दिसणाऱ्या घटीचीच ही सौम्य छाया होती.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. वय वाढत गेले तशी ही तफावत कमी होत गेली आणि विसाव्या वर्षापर्यंत नाहीशी झाली. ज्यांची तफावत जास्त भरून निघाली, त्यांचे रोजचे जगणे-वागणेही जास्त चांगले असल्याचे आढळले. २०११ मध्ये भावंडांच्या दुसऱ्या गटावर हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. २०१२ च्या अभ्यासात पांढऱ्या भागाबाबतही असेच दिसले. चौदाव्या वर्षाआधी काही भागांत वाढ मंद होती आणि अठराव्या वर्षापर्यंत ती इतरांच्या बरोबरीला आली.

थोडक्यात, जोखीम घेऊन जन्मलेला मेंदूही सावरू शकतो. 'रक्तातच आहे' म्हणून बसलेला शिक्का या स्कॅनमध्ये दिसत नाही.

मात्र इथे सावध राहायला हवे. तेराव्या वर्षाआधी होणारा स्किझोफ्रेनिया अत्यंत दुर्मिळ आणि तीव्र असतो. शिवाय या अभ्यासातली भावंडे निरोगीच होती. मेंदू सावरला म्हणून आजार टळला, की आजार होणार नव्हताच म्हणून मेंदू सावरला, याचा निवाडा या स्कॅनवरून होत नाही.

मग भावंडाचा एमआरआय काढून आधीच ओळखता येईल का?

नाही. आणि हे उत्तर स्पष्ट देणे गरजेचे आहे. 'एकदा डोक्याचा फोटो काढून घेऊ, म्हणजे पाहुण्यांना दाखवता येईल' असा विचार घरात येऊ शकतो. त्यावर हजारो रुपये खर्च होतील आणि हाती काही लागणार नाही.

कारण आकड्यांत आहे. 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र तपासले. सर्वांत मोठा फरक हिप्पोकॅम्पसच्या आकारात होता. पण हा फरक सरासरीतला. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर त्यांचा सुमारे ८० टक्के भाग एकमेकांवर बसतो. एखाद्या माणसाचा स्कॅन हातात घेऊन तो कोणत्या गटातला, हे त्यावरून सांगता येत नाही. भावंडांत तर फरक आणखी बारीक आहे. याच गटाने २०१९ मध्ये ३४ कुटुंब-अभ्यासांतील ६,००८ जणांची माहिती तपासली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत थॅलॅमस हा भाग किंचित लहान आढळला. तो फरक इतका थोडा की दोन आलेख सुमारे ९५ टक्के जुळतात.

दोन गावांतल्या माणसांच्या सरासरी उंचीत अर्ध्या इंचाचा फरक असला, म्हणून समोरचा माणूस कोणत्या गावचा हे उंचीवरून कुणी ओळखत नाही. तसेच हे आहे.

आजार पहिल्यांदा उफाळतो तेव्हा डॉक्टर कधीकधी एमआरआय सांगतात. त्याचा हेतू वेगळा असतो. मेंदूत गाठ, संसर्ग किंवा फिट्सशी संबंधित काही नाही ना, याची खात्री करणे. स्किझोफ्रेनियाचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते.

औषधांनी मेंदू आकसतो, हे खरे का?

अमेरिकेतील आयोवा येथील २११ रुग्णांच्या २०११ मधील अभ्यासात, जास्त प्रमाणात औषधे घेतलेल्यांमध्ये मेंदूच्या आकारमानातील घट थोडी जास्त आढळली होती. या बातमीचा अर्धाच भाग व्हॉट्सॲपवर फिरला तर घात होऊ शकतो. एक म्हणजे, कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांतही मेंदूतले फरक दिसतात. म्हणजे सगळे खापर औषधांवर फोडता येत नाही. दुसरे म्हणजे, औषध अचानक सोडल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. या अभ्यासाचा धडा 'कमीत कमी पुरेशी मात्रा, नियमित तपासणी' हा आहे. औषध बंद करायचे की कमी, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

भारतात असे संशोधन होते का?

होते. बेंगळूरुच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे मेंदू-स्कॅन अनेक वर्षांपासून अभ्यासले जात आहेत. निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांचा एक मोठा प्रकल्प तर कुटुंबांवरच आधारलेला आहे. एकाच घरात दोन किंवा अधिक जणांना गंभीर मानसिक आजार आहे, अशी कुटुंबे त्यात घेतली जातात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, दारूचे व्यसन आणि अल्झायमर हे पाच आजार त्यात आहेत. रुग्ण आणि निरोगी नातेवाईक या दोघांचे स्कॅन, आकलन-चाचण्या, जनुके आणि पेशी तपासल्या जातात.

भारतीय संशोधनाला एक गोष्ट सहज मिळते. कधीच औषध न घेतलेले रुग्ण. शास्त्रासाठी ते मोलाचे, कारण त्यांच्या स्कॅनमध्ये औषधाचा परिणाम मिसळलेला नसतो. पण असे रुग्ण इतक्या संख्येने का मिळतात, याचे उत्तर लाजिरवाणे आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिस प्रकारच्या आजारांचे सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोगशाळेला जी सोय वाटते, ती गावात वाया गेलेली वर्षे असतात.

सोनारीतल्या घराला उपचार कुठे?

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यातले एकही मराठवाड्यात नाही. जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा सरकारी आधार आहे, पण सोनारीहून एका फेरीत एका माणसाची मजुरी आणि दुसऱ्याचे एसटीचे भाडे जाते. औषध महिन्यामागून महिने चालू ठेवायचे असते. बहुतेक घरांत उपचार तुटतो तो इथे.

यावर उपाय शोधणारा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथील २८२ रुग्ण होते. साताऱ्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर हे संशोधकांपैकी एक. काही रुग्णांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला, डॉक्टर नसलेले पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन भेटत. औषध चालू आहे का ते पाहत, घरच्यांना आजार समजावत, रुग्णाला कामाकडे वळवत. वर्षभराने दुसऱ्या गटात लक्षणे आणि परावलंबन दोन्ही थोडे जास्त कमी झाले. फायदा माफक होता. मात्र जिथे सेवाच तोकड्या, अशा ग्रामीण भागात ही पद्धत आधी राबवावी, असे संशोधकांनी म्हटले. परंडा तालुक्याचे वर्णन यापेक्षा वेगळे होणार नाही.

सोनारी भैरवनाथाच्या देवस्थानामुळे ओळखली जाते. संकटात माणूस देवाकडे जाणारच आणि त्याला त्यावरून हिणवून काही साधत नाही. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' उपक्रम चालवला गेला. दर्ग्यात आलेल्या रुग्णाला तिथेच मानसोपचार उपलब्ध करून दिले गेले. श्रद्धा सोडायला कुणी सांगितले नाही. आपल्याकडच्या यात्रांत रक्तदाबाची तपासणी होते, तशी मानसिक आरोग्याची एक चौकीही असायला हरकत नाही. मात्र देवऋषाने मारणे, कोंडणे, चटके देणे याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे आणि रुग्णाला साखळीने बांधणे मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निषिद्ध आहे.

कायदा कुटुंबाला काय देतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी किंवा सरकारी निधीवरील सेवा हवी आणि उपचारांसाठी रुग्णाला शक्यतो लांब प्रवास करावा लागू नये, असे त्यात म्हटले आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच स्थान द्यावे, असेही हा कायदा सांगतो. रुग्ण बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो भाऊ किंवा बहीणही असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने पात्र रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

फोनवरून मदतीसाठी 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. सेवा मोफत आणि मराठीतही आहे. रुग्णाबरोबर त्याचे भावंडही या क्रमांकावर बोलू शकते.

भावंडांनी काय लक्षात ठेवावे?

सतत स्वतःला तपासत बसू नये. एखाद्या रात्री झोप लागली नाही म्हणजे आजार सुरू झाला असे नसते. पण अनेक आठवडे झोप उडाली, लोकांवरचा विश्वास उडाला, आवाज ऐकू येऊ लागले, अभ्यास किंवा काम अचानक कोसळले तर थांबू नये. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सावरण्याची शक्यता जास्त असते. गांजापासून लांब राहावे. घरात हा आजार असलेल्यांसाठी त्याचा धोका अधिक आहे.

आणि भावंडाच्या थकव्याकडेही पाहावे. आई-वडील थकले की रुग्णाची जबाबदारी बहुधा भावाबहिणीवर येते. २००४ च्या 'देवराई' या मराठी चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हेच नाते केंद्रस्थानी ठेवले होते. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला आजारी शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण सीना. या चित्रपटामागे उभे राहिलेले कॅनडातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. पुण्यातील 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. रुग्णांइतकाच त्यांच्या घरच्यांना एकत्र बसून बोलण्याचा कट्टा देणे, हे तिचे मोठे काम.

मग पुढे काय?

मेंदूचे स्कॅन हे संशोधनाचे साधन आहे आणि त्यावर खर्च व्हायलाच हवा. उद्याचे औषध त्यातूनच येईल. पण आजच्या घडीला परंडा तालुक्यात यंत्रापेक्षा माणूस कमी पडतो. महिन्याला घरी येऊन औषधाची पट्टी पाहणारा, शेजारच्यांना चार शब्द सांगणारा आणि धाकटीला 'तुझं कसं चाललंय' विचारणारा. असा माणूस नेमणे महाग नाही आणि साताऱ्याचा अनुभव हाताशी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर अशी घरभेट सक्तीची करणे, हा सरकारने लगेच घ्यावा असा निर्णय आहे.

दुसरा निर्णय गावाने घ्यायचा आहे. पाहुण्यांनी प्रश्न विचारू नये, असे कुणी म्हणणार नाही. लग्न म्हटले की चौकशी होणारच. घरच्यांनीही लपवू नये. लपवलेले पुढे कळतेच आणि मग संशय आजारापेक्षा मोठा होतो. पण प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ बसावे. शंभरातल्या नव्वदहून अधिक भावंडांना हा आजार होत नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे. ते चहा संपेपर्यंत सांगून होते.